एका लोणावळ्यातली दोन गावं

यंदाच्या अंकाचा विषय ‘सीमारेषा’ ठरला तेव्हा संपादकांच्या यादीत बर्लिन होतं, निकोसिया होतं आणि बेळगाव तर असणारच होतं. बर्लिनची भिंत १९६१ साली उभी राहिली आणि १९८९ साली पडली. सायप्रसची राजधानी निकोसिया आजही मधोमध दुभंगलेली आहे. तिथल्या लेड्रा रस्त्यावरचं नाकं २००८ साली उघडलं, तेव्हापासून माणसं ओळखपत्र दाखवून या बाजूची त्या बाजूला जातात. या यादीत नसलेलं एक नाव मी मागून घेतलं. पुण्याहून लोकलने दीड तासात जिथे पोचता येतं ते लोणावळा, आणि त्याला तिन्ही बाजूंनी बिलगलेला मावळ.

लोणावळ्यात भिंत नाही, तारेचं कुंपण नाही, पहारेकरी नाहीत. तरीही तिथे दोन गावं नांदतात. एक पाहुण्यांचं आणि दुसरं राहणाऱ्यांचं. दोन्हींचे रस्ते एकच आणि पाऊसही एकच, पण वेळापत्रकं निराळी, भाषा निराळी आणि जमिनीकडे बघायची नजर तर अगदीच निराळी. या दोन गावांमधून रोज कोण ये-जा करतं आणि कोण कधीच करत नाही, एवढं बघायला मी गेले होते.

मंगळवारचं लोणावळा

आठवड्याच्या मधल्या दिवशी लोणावळा स्टेशनवर उतरलं की घाटमाथ्यावरचं एक साधं, कामात बुडालेलं गाव भेटतं. पुण्याकडे जाणाऱ्या लोकलला गर्दी असते ती तळेगाव, चिंचवड, पिंपरीच्या कारखान्यांत आणि कचेऱ्यांत जाणाऱ्यांची आणि कॉलेजच्या मुलामुलींची. मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव अशा ठेसनांवर डबे भरत जातात. १९७८ साली सुरू झालेली ही लोकल म्हणजे मावळच्या पोटापाण्याची नाडी आहे. दुपारच्या वेळी तासन्‌तास गाडी नसते, ही इथल्या माणसाची जुनी तक्रार. दुपारी शाळा सुटलेली पोरं आणि पहिल्या पाळीचे कामगार फलाटावर बसून राहतात.

बाजारात भाजीवाल्या भाव सांगताना मराठीत बोलतात, गिऱ्हाईकही मराठीत घासाघीस करतं. दळणाचे डबे खांद्यावर, शाळेचा गणवेश अंगावर, नगरपरिषदेच्या दाराशी दाखल्यासाठी उभी असलेली माणसं. ही नगरपरिषद १८७७ सालची आहे. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे ५७ हजार भरली. हे सत्तावन्न हजार लोक म्हणजे मंगळवारचं लोणावळा.

शुक्रवारी दुपारनंतर हवा बदलू लागते. घरोघरी भाजी, दळण, औषधं आणून ठेवण्याची घाई होते, कारण शनिवारी रस्त्यावर निघणं म्हणजे कोंडीत सापडणं. शनिवारी सकाळी द्रुतगती मार्गावरून गाड्या उतरू लागतात आणि कुमार चौकापासून भुशीच्या रस्त्यापर्यंत गाडीला गाडी लागते. दुकानदारांची बोली क्षणात हिंदीकडे वळते, गुजरातीकडे वळते. हमरस्त्याच्या कडेला पोरं उभी राहून जाणाऱ्या प्रत्येक गाडीला विचारतात, “बंगला चाहिये?” पेशंटला घेऊन निघालेली रुग्णवाहिका अडकल्याची गोष्ट इथल्या प्रत्येक आळीत ऐकायला मिळते. कुणाच्या वडिलांची, कुणाच्या बाळंतिणीची. रविवारी रात्री शेवटची गाडी खंडाळ्याचा उतार उतरते आणि सोमवारी सकाळी नगरपरिषदेचे सफाई कामगार प्लास्टिकच्या बाटल्या वेचत असतात.

पावसाळ्यात ही ओढाताण सर्वांत तीव्र होते. वर्षाला साधारण चार-साडेचार हजार मिलिमीटर पाऊस इथे पडतो. त्या पावसावर दोघांचाही हंगाम बेतलेला असतो. मुंबई-पुण्याच्या माणसाला धबधबा हवा असतो. मावळातल्या शेतकऱ्याला आषाढात लावणी उरकायची असते. राब भाजून टाकलेला रोपांचा तरवा तयार असतो, चिखलणी झालेली असते, इर्जिकीला, म्हणजे एकमेकींच्या शेतावर मदतीला, आलेल्या बाया खाचरात ओणवून एकामागून एक रोप लावत असतात. नेमकं तेव्हाच रस्त्यावर गाड्या थांबतात आणि माणसं फोटोसाठी बांधावर चढतात. ओला बांध ढासळला की वरच्या खाचरातलं पाणी खालच्यात उतरतं आणि दोन्ही खाचरं बिघडतात. फोटो काढणाऱ्याला हे ठाऊक नसतं. त्याने विचारलेलंही नसतं.

शिंग्रोबाचा रस्ता

आजचं लोणावळा ज्यामुळे वाढलं ती रेल्वे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १८५६ साली बोरघाट फोडायला घेतला आणि २१ एप्रिल १८६३ रोजी घाटातला मार्ग खुला झाला. पंचवीस बोगदे, उंच पूल, कोसळणारे कडे. हजारो मजूर इथे खपले आणि पटकीच्या साथीत अनेकांनी जीव गमावला. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली इथे येताच वारला, तेव्हा त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ठेका हातात घेऊन काम तडीस नेलं.

घाटात जुन्या हमरस्त्यावर शिंग्रोबाचं देऊळ आहे. लोक सांगतात ती कथा अशी: इंग्रज इंजिनिअरांना घाटातून वाट सापडेना, तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने आपल्या मेंढरांची वाट त्यांना दाखवली. बक्षीस काय हवं असं विचारल्यावर त्याने देशाचं स्वातंत्र्य मागितलं आणि त्याला गोळी घातली गेली. इतिहासाच्या कागदांत ही कथा कितपत बसते हा प्रश्न वेगळा. घाट चढणारे चालक आजही त्याच्यापुढे नाणं टाकतात, हात जोडतात. मावळच्या माणसाला या कथेत आपलं काय दिसतं, ते मला जास्त मोलाचं वाटतं. वाट दाखवणारा इथला होता आणि त्या वाटेने गेलेली संपत्ती दुसरीकडे पोचली, ही खंत लोकांनी देवळाच्या रूपाने जपली आहे.

पण रेल्वेने माणसंही आणून वसवली, आणि इथून गोष्ट जरा गुंतागुंतीची होते. इंजिनांच्या पाण्यासाठी कंपनीने भुशीचं धरण बांधलं. चालक, फायरमन, गँगमन यांच्या वसाहती झाल्या. मारवाडातून, गुजरातेतून, कोकणातून, दक्षिणेतून माणसं आली. पारशी, ख्रिस्ती, मुसलमान कुटुंबं स्थिरावली. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी इथे कैवल्यधाम स्थापन केलं आणि योगाची प्रयोगशाळेत तपासणी सुरू केली. मूळचे ते जगन्नाथ गणेश गुणे, जन्म गुजरातेतल्या डभोईचा. १९४५ साली नौदलाचं ‘शिवाजी’ हे तांत्रिक प्रशिक्षण केंद्र आलं. म्हणजे मंगळवारचं लोणावळासुद्धा बाहेरून आलेल्यांनीच घडवलेलं आहे.

चिक्की त्याचीच साक्ष. रेल्वेच्या मजुरांना आणि प्रवाशांना विकली जाणारी गूळदाणी मारवाडी मिठाईवाल्याच्या दुकानातून सुरू झाली, असं मगनलाल घराण्याची परंपरा सांगते. आज तीच लोणावळ्याची ओळख आहे. दुकानामागच्या भट्टीत मी ती होताना पाहिली. कढईत गुळाचा पाक खदखदत होता. कारागिराने झाऱ्यावरचा थेंब वाटीतल्या पाण्यात सोडला, बोटांनी चाचपला आणि तो कट्‌कन मोडला तसा इशारा केला. दुसऱ्याने भाजून, सालं पाखडलेले दाणे ओतले. चार-पाच हात फिरले आणि सगळा गोळा तूप लावलेल्या ओट्यावर उलटला. दोघांनी लाटणी धरली. तो पसरल्यावर आणि थंड होऊन ठिसूळ होण्याआधी, अगदी थोड्या वेळात, सुरीने त्यावर सरळ रेघा पडल्या पाहिजेत. उशीर झाला तर वडी फुटते. शेजारी उभा असलेला कारागीर पलीकडच्या वाडीतला होता. सकाळी खाचराला पाणी लावून आला होता. पाक बघायला शिकायला त्याला काही वर्षं लागली, असं त्याने सांगितलं.

मारवाडातलं कौशल्य, मावळचा हात आणि मुंबईचं गिऱ्हाईक या वडीत एकत्र आले. येऊन राहणाऱ्याला या गावाने कधी नाकारलं नाही. फाळणी आहे ती राहणारे आणि येऊन जाणारे यांच्यात.

पाणी पश्चिमेला

या फाळणीची एक रेघ पाण्याने काढली आहे. इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या परिसरात उगम पावते आणि पूर्वेला देहू-आळंदीकडे जाते. घाटमाथ्यावर पडणारा पाऊस स्वभावाने पूर्वेचा, भीमेचा आणि कृष्णेचा. ८ फेब्रुवारी १९११ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते लोणावळ्यात टाटांच्या जलविद्युत योजनेची पायाभरणी झाली आणि त्या पाण्याचा ओघ उलटा फिरला. लोणावळा, वळवण आणि शिरवटा ही धरणं बांधून पाणी अडवलं आणि नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीला सोडलं. १९१५ साली त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. पुढे आंदर मावळात ठोकरवाडीचं धरण झालं, त्याचं पाणी भिवपुरीला उतरलं.

वीज हवीच होती. कोळशाच्या धुराने काळवंडलेल्या मुंबईला तिचा उपयोग झाला, यात शंका नाही. पण पाणी अडवायला जमिनी बुडाल्या त्या मावळ्यांच्या. शेजारच्या मुळशीत टाटांच्याच धरणाविरुद्ध १९२१ साली रामनवमीला शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट त्याच लढ्यात ‘सेनापती’ झाले. सत्याग्रह तीन वर्षं चालला, धरण झालंच. मोठ्या धरणाविरुद्ध उभा राहिलेला जगातला हा अगदी सुरुवातीचा संघटित लढा मानला जातो, आणि तो या डोंगरांत झाला.

आज वळवणच्या तलावाकाठी माणसं सूर्यास्त बघायला येतात. तलाव सुंदर आहे. पण त्याच्या काठाशी उभं राहिलं की मला वाटतं, तलावाखाली कुणाची खाचरं होती याची एक पाटी तिथे असायला हवी.

चावी आणि सातबारा

दुसरी रेघ कुंपणांची. तुंगार्लीपासून कुसगावपर्यंत आणि पुढे पवन मावळात डोंगरउतारावर बंगले, व्हिला आणि फार्महाऊस उभी आहेत. प्रत्येकाला भिंत, भिंतीला फाटक, फाटकाशी राखणदाराची खोली. जमिनीचे व्यवहार कसे होतात, हे गावांत सगळ्यांना पाठ आहे. भावाभावांत वाटणी झालेली असते. त्यातला एक कर्जासाठी, लग्नासाठी किंवा आजारपणासाठी आपला हिस्सा विकतो. गुंठ्याला मिळालेली रक्कम पाहून दुसरा विकतो. तिसऱ्याची जमीन मधे अडकते, तिच्याकडे जाणारी पायवाट कुंपणाआड जाते. मग तोही विकतो. गुरांची पाणवठ्याकडे जायची वाट आणि ग्रामदैवताकडे जायचा रस्ता सातबाऱ्यावर नोंदलेला नसतो, म्हणून तो पहिल्यांदा बंद होतो.

अशाच एका बंगल्याच्या राखणदाराच्या घरी मी बसले होते. कुटुंब पलीकडच्याच वाडीतलं. बंगला ज्या जमिनीवर उभा आहे तिथे त्या गृहस्थांच्या आजोबांचं खाचर होतं. मला फाटकापासून पोहण्याच्या तलावापर्यंत चालत नेऊन त्यांनी बोटाने दाखवलं: इथे बांध होता, इथे आंब्याचं झाड होतं, इथे खळं पडायचं. भिंतीतल्या खिळ्यावर बंगल्याच्या चाव्यांचा जुडगा होता. सगळ्या खोल्यांची चावी त्यांच्याकडे, सातबारा मुंबईच्या शेटच्या नावावर.

त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “ताई, शनवारी पावणं आलं की पोरास्नी आत बसवून ठेवायचं. आवाज न्हाई करायचा. आईतवारी दुपारी ते गेलं की चादरी धुवायच्या, बाटल्या उचलायच्या. सोमवारी मंग घर आमचं.”

पाहुण्यांसाठी त्या चुलीवरच्या भाकरी करतात, पिठलं करतात, कोंबडी करतात. ते जेवण फार वाखाणलं जातं. मी विचारलं, “तुमचं नाव कुणी विचारतं का?” त्या थोडा वेळ विचारात पडल्या. मग म्हणाल्या, “मावशी म्हणत्यात.”

या कुटुंबाला पाहुण्यांबद्दल बारीकसारीक सगळं ठाऊक आहे. कोणत्या शहरातली माणसं किती वाजता चहा मागतात, कोण मीठ कमी खातं, कुणाला सकाळी भजन लागतं, कोण उपास धरतं. मुलांना तीन भाषा येतात. पाहुण्यांची संस्कृती या घराने आत्मसात केली आहे. उलट दिशेने मात्र काहीही गेलेलं नाही. निकोसियाच्या नाक्यावर निदान दोन्ही बाजूंच्या माणसांना ओळखपत्र काढावं लागतं. इथे ओलांडण्याची सगळी मेहनत एकाच बाजूच्या वाट्याला आली आहे.

कातकरी आणि ठाकर वाड्यांची गोष्ट याच्याही पलीकडची. उन्हाळ्यात खंडाळ्याच्या वळणावर करवंदं आणि जांभळं पानांच्या द्रोणात घेऊन बसणाऱ्या बायका आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. पहाटे जंगल तुडवून आणलेला तो माल त्या गाडीच्या खिडकीतून विकतात. खिडकीच्या काचेइतकंच त्यांचं आणि पाहुण्यांचं नातं. कुंपणं वाढली तशी करवंदांची जाळीही दूर गेली.

पवनेच्या काठी

पवन मावळात मात्र थोडं वेगळं चित्र दिसतं. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना या किल्ल्यांच्या कुशीत पवनेचं धरण आहे. लोहगड २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा प्रश्न मात्र अर्धशतक उलटून गेल्यावरही पुरता सुटलेला नाही. या धरणाचं पाणी पिंपरी-चिंचवडला जातं. ते नदीच्या पात्रातून वाहत जातं तोवर काठच्या शेतांना ओल मिळते. बंद नळातून ते थेट नेण्याची योजना आली, तेव्हा मावळचा शेतकरी रस्त्यावर आला. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती मार्गावर आंदोलन झालं, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकऱ्यांचा जीव गेला. त्यांत एक स्त्री होती. मुंबई-पुणे धावणारा ९४ किलोमीटरचा हा रस्ता मावळच्या मधोमध गेला आहे. त्याला दोन्ही बाजूंनी कुंपण आहे आणि गावकऱ्याला पलीकडच्या आपल्याच शेतात जायला बोगदा गाठावा लागतो. त्या दिवशी शेतकरी त्या रस्त्यावर आला तेव्हा सबंध महाराष्ट्राने मावळकडे बघितलं. ९ ऑगस्टला इथे आजही त्या हुतात्म्यांना अभिवादन केलं जातं.

त्याच काठावर आज तंबू लागतात. रात्री दिवे, शेकोटी, गाणी. यातले पुष्कळ तंबू गावातल्या तरुणांनी स्वतः उभे केले आहेत. एकाने मला हिशेब समजावला. भाताच्या एका हंगामात जे हाती लागतं त्याहून जास्त थंडीच्या दोन महिन्यांत मिळतं, आणि मालक स्वतः असल्यामुळे गोंगाट किती वाजता थांबवायचा हे तोच ठरवतो. “आमच्या गावात जत्रा असली की मी बुकिंग घेत नाही. पाहुण्यांनाच जत्रेला घेऊन जातो,” तो म्हणाला. पाहुण्याला गावात नेण्याचं धाडस त्याला करता आलं, कारण तो आपल्या जागेवर उभा आहे. चावी आणि सातबारा एकाच हातात असले की दोन गावांमधलं नातं लगेच बदलतं.

तोच तरुण जेवणात इंद्रायणी तांदळाचा भात वाढतो. हा तांदूळ वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ साली दिला. मावळचा सुवासिक आंबेमोहोर आणि फिलिपिन्सहून आलेला आयआर-८ यांच्या संकरातून तो झाला. आंबेमोहोराचा वास आणि परदेशी वाणाचं उत्पन्न एकत्र आलं, आणि आज पुण्या-मुंबईच्या घरांत मऊ भात म्हटलं की इंद्रायणीच आठवतो. मावळातून शहराच्या स्वयंपाकघरापर्यंत मानाने पोचलेली ही एक गोष्ट आहे. फक्त पिशवीवर शेतकऱ्याचं गाव लिहिलेलं नसतं.

कुंडमळ्याचा पूल

दोन गावांच्या या बेतालपणाची किंमत माणसांनी प्राणांनी मोजली आहे. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाजवळच्या धबधब्यात अचानक लोंढा आला आणि एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पुढच्या वर्षी, १५ जून २०२५ रोजी, रविवारी दुपारी, तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल कोसळला. चार जण दगावले, कितीतरी जखमी झाले.

हा पूल सुमारे तीस वर्षांचा होता. गावकऱ्यांना नदीपलीकडे जायला, शेतावर जायला बांधलेला. एका वेळी चार-पाच माणसं, एखादी दुचाकी, डोक्यावर भारा घेतलेली बाई, एवढ्यांसाठी. मंगळवारच्या मावळाचा तो पूल होता. रविवारी त्यावर फुगलेली नदी बघायला माणसं गर्दी करून उभी राहिली. पूल जुना झाल्याचं स्थानिकांना ठाऊक होतं. तिथे उभ्या राहिलेल्यांना कुणी सांगितलं असतं तरी ऐकलं गेलं असतं का, याचं उत्तर अशा कित्येक ठिकाणच्या धोक्याच्या पाट्यांनी देऊन ठेवलं आहे.

अशा वेळी धावून जातात ती इथलीच माणसं. लोणावळ्याची ‘शिवदुर्ग मित्र’ ही स्वयंसेवकांची संस्था गेली अनेक वर्षं दऱ्यांत पडलेल्यांना आणि पाण्यात बुडालेल्यांना बाहेर काढते. दुकानदार, शिक्षक, नोकरदार, विद्यार्थी हातातलं काम टाकून दोर घेऊन निघतात. त्यांनी काढलेल्या माणसांत लोणावळ्याबाहेरचेच बहुसंख्य असतात. त्याबद्दल ते पैसे मागत नाहीत.

प्रशासन बंदी घालतं, पोलीस चौक्या लावतात. तात्पुरता उपाय म्हणून ते आवश्यकच आहे. पण पावसाळी शनिवारी मावळात किती गाड्या येणार, कुठे थांबणार, कोणत्या वाटेने परतणार हे ठरवताना वाड्यांचे पोलीस पाटील आणि ग्रामपंचायती बैठकीला बसल्या पाहिजेत. कोणता पूल किती भार घेतो आणि कोणत्या ओढ्याला किती मिनिटांत लोंढा येतो, हे त्यांनाच माहीत असतं.

कार्ल्याचे खांब

ये-जा दोन्ही बाजूंनी होऊ शकते, याचा पुरावा मावळातच, डोंगराच्या पोटात कोरलेला आहे.

कार्ल्याचं चैत्यगृह दोन हजार वर्षांचं. सदतीस-अडतीस मीटर लांबीचं हे दालन, देशातलं सर्वांत मोठं कोरीव चैत्यगृह. छताच्या मूळ लाकडी कमानी आजही जागेवर आहेत. मी खांबाखांबाशी थांबत गेले. दगडावर ब्राह्मी अक्षरांत दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल, सोपाऱ्याची माणसं, धेनुकाकटचे यवन. कोकणातल्या बंदरांतून माल घेऊन घाट चढणारे व्यापारी इथे थांबत, भिक्षूंच्या सोबतीत राहत आणि जाताना एखादा खांब कोरून घेण्याचा खर्च उचलत. परदेशी माणसानेसुद्धा इथल्या बोलीत, इथल्या लिपीत आपलं नाव कोरून घेतलं. घेतलं त्याच्या बदल्यात दिलं, आणि कुणी दिलं ते लिहून ठेवलं. प्रवासी आणि जागा यांच्यातलं हे जुनं आणि नीट नातं आहे.

चैत्यगृहाच्या दाराशीच एकवीरा आईचं देऊळ आहे. बौद्ध लेणं आणि देवीचं ठाणं एकमेकांना खेटून उभी आहेत. मुंबई, ठाणे, रायगडचे कोळी आणि आगरी आणि चांद्रसेनीय कायस्थ प्रभू यांची ही कुलस्वामिनी. चैत्रात पालख्या येतात, तेव्हा वेहेरगावच्या पायऱ्यांवर घाटाखालची बोली घुमते. हेही पाहुणेच, तेही गर्दी करतात, कचराही होतो. पण कित्येक कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या त्याच घरी उतरतात. पायथ्याच्या एका आजींनी मला सांगितलं की त्यांच्याकडे येणाऱ्या कोळी घरातल्या तीन पिढ्यांची लग्नं त्यांना ठाऊक आहेत, आणि त्यांच्या नातवाच्या बारशाला ते लोक मुंबईहून सुक्या मासळीचं वाण घेऊन आले होते. समुद्र आणि डोंगर यांच्यात असं येणं-जाणं अजून चालू आहे. त्याला ना हॉटेल लागलं, ना दलाल.

ओलांडायचं दोघांनी

लोणावळा पाहुण्यांवर जगतं, हे खरं आहे. चिक्कीची भट्टी, रिक्षा, कणीस भाजणारी गाडी, पवनेकाठचा तंबू हे सगळं येणाऱ्यांमुळे चालतं. पाहुणे नकोत असं मला मावळात कुणीही म्हणालं नाही. माझा निष्कर्ष एवढाच की हे शहर येणाऱ्यांमुळे दुभंगलेलं नाही. आलेल्यांनी जागेला काही देणं लागतो असं मानणं सोडलं, तेव्हा ते दुभंगलं. रेल्वेबरोबर आलेला मिठाईवाला, डभोईहून आलेले कुवलयानंद, खांब कोरून देणारा यवन आणि बारशाला येणारा कोळी हे सगळे बाहेरचेच. त्यांनी ती जबाबदारी मानली आणि म्हणून ते इथले झाले.

तुम्हा वाचकांपैकी बहुतेक जण केव्हा ना केव्हा लोणावळ्याला गेलेले आहात आणि पुन्हा जाणार आहात. जमल्यास आठवड्याच्या मधल्या दिवशी जा. लोकलने जा आणि कामशेतला उतरून तिथल्या बाजारात फिरा. बंगल्यात राहिलात तर भाकरी करणाऱ्या बाईंना त्यांचं नाव विचारा आणि त्या नावाने हाक मारा. बंगला तुमचा असेल तर कुंपणातून गुरांची आणि देवळाची जुनी वाट मोकळी ठेवा. तांदूळ घ्यायचा तर शेतकऱ्याच्या ओट्यावरून घ्या. ओढ्याकाठी कुणी गावकरी ‘पुढे जाऊ नका’ म्हणाला तर थांबा. आपला कचरा आपल्या गाडीतून परत न्या. आणि आषाढात बांधावर पाय ठेवण्याआधी, त्या खाचरात ओणवलेल्या माणसाची परवानगी घ्या.